खुंट्यांवरची रेघ

बुऱ्हाणपूर,
५ फेब्रुवारी १९५६

मधू,

गिटार सुखरूप पोचल्याचं मागेच कळवलं. आता पुढची बातमी, आणि ती तितकीशी सुखाची नाही. तुझी गिटार सुरात राहत नाही. 'तुझी' म्हणतो, कारण तुझ्याच दुकानातली, तूच निवडलेली, आणि "डोळे मिटून घे" असं म्हणून तूच ती माझ्या गळ्यात घातलीस.

सकाळी नेपानगरची गाडी पकडायच्या आधी मी तू दिलेली सुरांची शिट्टी फुंकतो, सहाही तारा तिच्याशी जुळवतो, गिटार भिंतीला टांगतो आणि कागद गिरणीत जाऊन दिवसभर हजेरीपट खरडतो. संध्याकाळी घरी येऊन हात लावावा तर तारा उतरलेल्या. एखादी उतरली असती तर समजून घेतलं असतं. पण सहाच्या सहा उतरतात, आणि प्रत्येक आपापल्या मर्जीनं. खर्जाची तार तर अशी घुरघुरते की आत्या स्वयंपाकघरातून विचारते, मांजर शिरलं का रे घरात.

आणखी एक. मानेवरच्या पितळी पट्ट्यांची टोकं दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावू लागली आहेत. आली तेव्हा मान कशी गुळगुळीत होती. आता हात वरखाली नेला की टोकं टोचतात. पट्ट्या वाढल्या म्हणावं तर पितळ वाढत नाही, आणि लाकूड कमी झालं म्हणावं तर ते गेलं कुठे? घरात आम्ही दोघंच, मी आणि आत्या. माझं डोकं चालेनासं झालं आहे.

इथं तसं सगळ्यांचंच डोकं चालेनासं झालं आहे. नागपूर मुंबईकडे जाणार आणि आम्ही भोपाळकडे राहणार, असं कचेरीत रोज कोणीतरी खात्रीनं सांगतो आणि दुसरा तितक्याच खात्रीनं खोडून काढतो. मी आत्याला विचारलं, तुला कुठं जायला आवडेल. ती म्हणाली, "भोपाळ येवो का नागपूर जावो, ज्वारी त मलेच निवडाची हाय." तिचा निवाडा तेवढ्यात आटोपला.

माझं काय चुकतंय ते लगेच लिही. मामा-मामींना नमस्कार.

तुझा बेसूर आतेभाऊ,
विनायक


गिरगाव, मुंबई,
१४ फेब्रुवारी १९५६

विनूशेठ,

तुझं पत्र दुकानात सगळ्यांसमोर फोडलं, तिथंच फसलो. शेठनी विचारलं काय म्हणतो तुझा भाऊ, मी म्हटलं गिटार फार गोड वाजते म्हणतो. आता माझी लाज तुझ्या हातात आहे.

गिटारीला नावं ठेवू नकोस. तुला पाठवायच्या आधी दिवाळीपासून मी ती रोज वाजवत होतो. सकाळी जुळवली की दुकान बंद होईपर्यंत केसभर हलत नसे. आता तूच हिशेब मांड. गिटार तीच, तारा त्याच, शिट्टीही तीच. बदललं काय? घर. घरात दिवसभर कोण असतं? तू तर नेपानगरला. राहिलं कोण? मी नाव घेत नाही.

पण लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे आलो होतो ते मी विसरलेलो नाही. गोदाआत्या रोज सकाळी माझं नाक दाबून कडुलिंबाचा रस पाजायची. माझा भोवरा आवाज करतो म्हणून तिनं तो असा लपवला की आजपर्यंत सापडला नाही. कोणाचा तरी कान पिळल्याशिवाय त्या बाईला चैन पडत नसे. तू आता मोठा झालास. नव्या पाहुणीला सहा कान आहेत, सहा खुंट्या.

थट्टा सोड, पण एक करून बघ. टोकदार पेन्सिल घे आणि सकाळी तारा जुळवल्या की प्रत्येक खुंटीवरून शेजारच्या पत्र्यावर जाईल अशी बारीक रेघ ओढ. कोणी खुंटी फिरवली तर रेघ तुटलेली दिसेल. चोर आपोआप सापडेल.

जानेवारीत मुंबईच्या प्रश्नावरून इथं गोळीबार झाला ते तू वाचलंच असशील. दुकान बरेच दिवस बंद होतं. आमची मुंबई कोणाची हे अजून कोणाला सांगता येत नाही, मग तुझ्या बुऱ्हाणपूरचं मी काय सांगू. पाकिटावर गावाच्या पुढे प्रांत लिहायचा मी सोडून दिला आहे. टपालवाल्याला ठाऊक असेल तर त्यानं लिहावा.

गुप्तहेर,
मधू


बुऱ्हाणपूर,
११ मार्च १९५६

मधू,

रेघा ओढल्या. आत्या देवळात गेली होती तेव्हा ओढल्या, म्हणजे तिला पत्ता नाही. तेव्हापासून रोज संध्याकाळी चिमणीचा दिवा जवळ धरून पाहतो. रेघा अखंड आहेत. एकही खुंटी हललेली नाही. आणि तारा उतरलेल्याच.

आता बोल. खुंटी फिरत नाही आणि तार उतरते. मी कचेरीत बसून याचाच विचार करतो आणि लोकांना चुकीच्या रकान्यात हजर दाखवतो. त्यातच इथं ऊन तापू लागलं आहे. आमच्या गिरणीतला कागददेखील कडांनी पापडासारखा वळायला लागला. साहेब आमच्यावर ओरडतात, जसे काही आम्हीच तो वळवतो.

तू म्हणालास म्हणून मी बारकाईनं पाहू लागलो. एक गोष्ट अशी की रविवारी, मी दिवसभर घरात असताना आणि आत्या माझ्या डोळ्यांसमोर असताना, गिटार सगळ्यात जास्त उतरते. आत्यावर संशय घ्यावा तर हे जमत नाही, आणि न घ्यावा तर दुसरी गोष्ट जमत नाही. मंगळवारी मी गाडी लवकर मिळाल्यामुळे तासभर आधी घरी आलो. गिटारीच्या पोटावर पाण्याचे थेंब होते. मी विचारलं, हे काय. आत्या म्हणाली, माठ भरताना उडालं असेल. माठ कुठं आणि गिटार कुठं. माठावरून उडालेलं पाणी एवढ्या लांब येत नाही.

मी घरात सांगून टाकलं, या वस्तूला कोणीही हात लावायचा नाही. घरात कोणीही म्हणजे आत्याच, तेव्हा ते तिलाच सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्या दिवशी भाकऱ्याही उशिरा मिळाल्या, कारण उन्हाळा लागला म्हणून तिनं लाकडाची काठवट फुटू नये यासाठी पाण्यात बुडवून ठेवली होती आणि पीठ मळायला दुसरं काही नव्हतं. मी चिडलोच होतो, त्यात हे.

एप्रिलात गिरणीच्या क्लबात कार्यक्रम आहे. त्यात माझं नाव दिलं आहे. मी सात वर्षं गप्प बसून काम करणारा माणूस, तिथं पहिल्यांदा कोणी माझं काही ऐकणार आहे. मला ते नीट व्हायला हवं आहे. तू समजतोस ना?

विनायक


गिरगाव, मुंबई,
२० मार्च १९५६

विनू,

घाईत लिहितो, गिऱ्हाईक उभं आहे.

अगदी सोपं आहे. रेघ तुटली नाही म्हणजे खुंटी फिरली नाही असं नव्हे. फिरवून परत रेघेवर आणून ठेवली असेल. माझा भोवरा ज्या सफाईनं नाहीसा झाला ते मी पाहिलेलं आहे. आणि रविवारी तू दुपारी झोपतोस हे विसरू नकोस. थेंब तर पुरावाच आहे. भांडी घासता घासता, ओल्या हातानं.

इथल्या दुकानात सगळ्या गिटारी भिंतीवर गुपचूप टांगलेल्या आहेत. एकही उतरत नाही, एकही चढत नाही. माझ्या मालाला दोष नाही.

कार्यक्रमाला शुभेच्छा. तेवढे दिवस कुलूप लाव.

मधू


बुऱ्हाणपूर,
२४ एप्रिल १९५६

मधू,

आत्या घर सोडून गेली. मी तिला घालवली असं म्हणणं जास्त खरं होईल, पण तू सगळं वाचून मग काय ते ठरव.

कार्यक्रमाच्या शनिवारी मी पहाटे उठून तारा जुळवल्या, तुझ्या रेघा पुन्हा ठळक केल्या आणि आंघोळीला गेलो. परत येतो तो आत्या गिटारीसमोर उभी. हात ओले. पोटावरून एक थेंब खाली ओघळत होता. मला पाहून ती दचकली, म्हणाली पुसत व्हती. गाडी चुकली असती म्हणून मी काही बोललो नाही. गिटार मांडीवर घेऊन नेपानगरला गेलो. डब्याच्या खिडकीतून भट्टीसारखा वारा येत होता.

संध्याकाळी क्लबाच्या अंगणात खुर्च्या मांडल्या होत्या. फरशीतून दिवसभराचं ऊन वर येत होतं. मी पहिला हात मारला आणि माझ्याच कानांना लाज वाटली. थांबून जुळवू लागलो. जुळवली, वाजवायला घेतली, पुन्हा उतरली. मागून कोणीतरी म्हणालं, भैया, पहले मिला तो लो. दुसऱ्यानं विचारलं, हार्मोनियम मँगवा दें क्या. सगळे हसले. ते वाईट मनानं हसले नाहीत हे मला माहीत आहे, पण त्यानं काही फरक पडत नाही. मी उठलो. साहेबांनी पाठीवर थोपटलं, तेही मला सहन झालं नाही.

रविवारी सकाळी आत्या सुपात ज्वारी निवडत होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "माझं वाजवणं तुला आवडत नसेल तर तोंडावर सांग, पाठीमागं खुंट्या पिळू नकोस."

ती म्हणाली, "म्या त्या खुंट्यांले हात नाही लावला."

मी म्हणालो, फिरवून परत रेघेवर आणून ठेवतेस, मला सगळं माहीत आहे. तिनं विचारलं, कोणती रेघ. मला ते सोंग वाटलं. मी म्हणालो, हे घर माझं आहे, आणि माझ्या घरात माझी एक वस्तू धड राहत नसेल तर. पुढचं मी बोललो नाही. बोलायची गरजही नव्हती.

तिनं उरलेली ज्वारी निवडली, डब्यात भरली, हात धुतले, दोन लुगडी पिशवीत घातली आणि दुपारच्या मोटारीनं दापोऱ्याला गेली, चुडामणभाऊंकडे. ते तिचे धाकटे दीर, केळीचा बगीचा आहे त्यांचा. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होतो, तेव्हा याच दापोऱ्याहून ती निघून आली ती माझ्यापाशीच राहिली. सासरी एक रात्रसुद्धा पुन्हा मुक्कामाला गेली नव्हती. आता या वयात तिथं गेली, आणि तिथं लोकांनी विचारलं असेल की का आलीस, तर तिनं काय सांगितलं असेल?

मी बरोबर केलं ना? तूच म्हणाला होतास.

विनायक


गिरगाव, मुंबई,
२ मे १९५६

विनू,

मी म्हणालो होतो हे खरं. पण मी दुकानाच्या गल्ल्यावर बसून, पेरू खात खात म्हणालो होतो. तू ते खरं धरून चाललास आणि मला कळलंही नाही की तू खरं धरून चाललास. मला वाटलं आपण दोघं मिळून गंमत करतो आहोत.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. तिनं माझ्या हातून ते काढून घेतलं आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी एवढंच म्हणाली, त्या बाईनं तुला कडुलिंबाचा रस पाजला कारण तुझं सगळं अंग खरजेनं भरलं होतं, आणि तुझ्या आईनं, म्हणजे मीच, तिला तसं लिहून कळवलं होतं. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

चार दिवस एकच गोष्ट डोक्यात फिरते आहे. आत्यानं विचारलं, कोणती रेघ. जिला रेघच ठाऊक नाही ती खुंटी परत रेघेवर कशी आणून ठेवील? तू हे लिहिलंस आणि पुढं गेलास. मीही वाचलं आणि पुढं गेलो. तिनं केलं नाही, विनू. मग कोणी केलं, ते मला विचारू नकोस. माझं डोकंही आता तुझ्यासारखंच झालं आहे.

तिला घेऊन ये. गिटारीचं मागाहून पाहू.

मधू


बुऱ्हाणपूर,
२७ मे १९५६

मधू,

तुझं पत्र पटलं आणि तरी मी गेलो नाही. रोज ठरवतो, रोज मोटारीच्या अड्ड्यापर्यंत जातो आणि परत येतो. तिच्यापुढे जाऊन म्हणायचं काय? तू केलं नाहीस हे मला आता पटलं, असं? मग केलं कोणी, असं तिनं विचारलं तर?

परवा मला ताप होता म्हणून घरीच पडलो होतो. दुपारी लू सुटली होती, खिडक्या लावून घेतल्या होत्या, तरी भिंती हाताला भाजत होत्या. आणि भिंतीवरून एकदम टणकन आवाज आला. मला वाटलं तार तुटली. उठून पाहिलं तर तारा शाबूत. गिटारीचं पोट फुटलं होतं. तारा जिथं टेकतात त्या घोडीपासून खालच्या कडेपर्यंत सरळ चीर, नख आत जाईल एवढी.

आवाज ऐकून शेजारच्या कोकिळाबाई आल्या. मी गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. त्यांनी चीर पाहिली आणि म्हणाल्या, "गोदाबाई असत्या त हे झालं नसतं. त्या रोज दुपारी पंचा भिजवून तिच्यापुढं टांगत व्हत्या ना."

मी विचारलं, कोणता पंचा. त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. गिटारीच्या समोर, हातभर अंतरावर, एका खिळ्यापासून दुसऱ्यापर्यंत सुतळी बांधलेली आहे. मी ती कित्येक दिवस पाहत होतो. मला वाटायचं कपडे वाळवायची आहे. कोकिळाबाईंनी सांगितलं, उन्हाळ्यात काठवट तडकते तशी ही पण तडकंल, पोराचा जीव हाय तिच्यात, असं आत्या म्हणायची. मी नेपानगरला गेलो की ओला पंचा टांगायचा, वाळला की पुन्हा भिजवायचा, आणि माझी गाडी यायच्या आत काढून ठेवायचा. काढून का ठेवायचा? आधी मी नावं ठेवीन म्हणून, आणि मग मी सांगितलंच होतं ना, या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. तिनं हात लावला नाही. लांबून पाणी दाखवलं.

मधू, रविवार आठव. रविवारी मी घरी, म्हणून पंचा नाही, म्हणून रविवारी ती सगळ्यात जास्त उतरायची. कार्यक्रमाच्या सकाळी आत्याचे हात ओले होते, कारण गिटार दिवसभर उन्हातनं प्रवास करणार होती म्हणून तिनं सकाळीच पंचा टांगला होता आणि माझी चाहूल लागताच काढला होता. थेंब पंच्याचे होते, टांगताना-काढताना उडालेले. पट्ट्यांची टोकं बाहेर आली कारण मानेचं लाकूड इथल्या हवेत सुकून आखडलं. आणि हे सगळं मी रोज गिरणीत डोळ्यांनी पाहत होतो. कागद कोणी न वळवता वळतो, मग लाकूड का नाही वळणार?

म्हणजे उन्हानं उतरायची, पंच्यानं सावरायची, पंचा काढला की पुन्हा उतरायची. आत्यानं काही केलं नाही म्हणावं तर तिनं रोज केलं. केलं म्हणावं तर जे मी म्हणत होतो ते केलं नाही. मला हे वाक्यसुद्धा नीट मांडता येत नाही. एवढं कळतं की ती होती तोवर गिटार फुटली नाही, आणि ती गेल्यावर महिनाभरात फुटली.

तो पंचा दाराच्या मागं खुंटीला आहे. वाळून पत्र्यासारखा झालाय. मला आत्याची फार आठवण येते.

विनायक


गिरगाव, मुंबई,
१४ जून १९५६

विनू,

काल दुकानात काय झालं ते ऐक. सकाळी कुलूप काढलं, एक गिटार खाली घेतली आणि शिट्टीशी ताडून पाहिली तर सगळ्या तारा चढलेल्या. तुझ्या उतरायच्या, माझ्या चढलेल्या. दुसरी घेतली, तीही तशीच. तारा मानेपासून उचलल्यासारख्या झाल्यात, दाबून दाबून बोटं दुखली. रात्रभर दुकानाला कुलूप होतं, किल्ली शेठांपाशी, आणि शेठांची आत्या वारून वर्षं झाली. संशय घ्यायला माणूस शिल्लक नव्हता.

शेठ हसले. म्हणाले, चार दिवस झाले इथं भिंतींना पाणी सुटलंय, लाकूड फुगणारच, दर वर्षी होतं. मी दुकानात लागलो दसऱ्याला, म्हणून मला हे ठाऊक नव्हतं. ज्या माणसानं दुकानात अजून एक पावसाळा पाहिला नाही त्यानं तुला बुऱ्हाणपूरच्या उन्हाळ्याविषयी सल्ले दिले. समुद्राच्या हवेत वाढलेली वस्तू मी तुझ्या भट्टीत पाठवली आणि ती अवघडली तर दोष तुझ्या घरातल्या माणसावर ठेवला. मला त्याची लाज वाटते, आणि ती तुला सांगून कमी होत नाही.

चिरेविषयी शेठांना विचारलं. म्हणाले, लगेच सरस भरू नका. तारा सैल करा, ओलसर हवेत ठेवा, लाकूड फुगलं की चीर मिटेल, मग आतून पट्टी लावा. आणि उन्हाळ्यात काय करायचं, विचारलं तर म्हणाले, खोलीत पाण्याचं भांडं नाहीतर ओलं फडकं ठेवा, फक्त जरा लांब. आत्याचा पंचा थोडा जवळ होता, एवढंच.

आता अड्ड्यापर्यंत जाऊन परत येऊ नकोस. तिनं केलं कोणी असं विचारलं तर सांग की हवेनं केलं, आणि तोंड माझ्या मामेभावानं चालवलं.

मधू


बुऱ्हाणपूर,
२६ जून १९५६

मधू,

गेलो होतो. गिटार बरोबर नेली. ती कशाला नेली ते मला सांगता येणार नाही. रिकाम्या हातानं तिच्यापुढं उभं राहवलं नसतं.

इथं अजून पाऊस नाही, पण चुडामणभाऊंच्या बगीच्यात पाटाचं पाणी चालू होतं. रस्त्यावरून आत शिरलं की अंगावर गारवा येतो आणि ओल्या मातीचा वास. बगीच्याच्या कडेला त्यांची खोली आहे. आत्या दारात बसून सुतळी वळत होती. मला पाहून उठली, पाय धुवायला पाणी दिलं, जेवायला वाढलं आणि शेंगा आहेत, आणखी घे, एवढंच म्हणाली. गिटारीकडे एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. मी ती तारा सैल करून तिथंच टांगली.

दोन दिवस तसेच गेले. ती बोलायची, पण ज्वारीचं, केळीचं, चुडामणभाऊंच्या खोकल्याचं. मी बोलायला तोंड उघडलं की ती कामाला उठायची. रविवारी दुपारी मी तिच्या वाटेत बसलो आणि सांगून टाकलं. पंचा, रविवार, कागद, चीर, तुझं दुकान, सगळं. म्हणालो, आत्या, मी चुकलो, मी फार वाईट बोललो, तू घरी चल. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "तू इचारलं असतं त म्या सांगतलं असतं. तू इचारलं कुठं, विनू? तू सांगतलं."

मी तिच्या वाटेतून बाजूला झालो.

मग तीच म्हणाली, कुठं फुटलीय दाखव. मी गिटार खाली काढली. मधू, चीर मिटली होती. रेघ दिसते, पण नख आत जात नाही. आत्यानं तिच्यावरून बोट फिरवलं. मी हळूहळू तारा चढवल्या, शिट्टीशी जुळवल्या आणि वाजवू लागलो. सूर हलेना. पाटाचं पाणी चालू होतं, केळीची पानं हलत होती आणि माझी गिटार पहिल्यांदा होती तिथं राहिली. तुझ्या दुकानात ती अशीच वाजत असेल. आत्या ऐकत होती. मला रडू येत होतं आणि मी वाजवत होतो.

थांबलो तेव्हा मला काय वाटलं कोणास ठाऊक, मी गिटार तिच्यापुढं धरली आणि म्हणालो, आत्या, एकदा तू खुंटी पिळ. ती नको म्हणाली. मी हट्ट धरला. तिनं पदराला हात पुसले, अगदी कोरडे होईपर्यंत पुसले, आणि सगळ्यात शेवटची खुंटी दोन बोटांत धरून फिरवली. विहिरीचा रहाट फिरवावा तशी फिरवली. मी अगं अगं म्हणेपर्यंत बारीक तार ताडकन तुटली आणि चुडामणभाऊ बगीच्यातून धावत आले.

आत्या तुटलेल्या तारेकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मला चटकन कळेना. रागावली की काय असं वाटलं. ती म्हणाली, "आता लिह्य तुह्या मधूले. खुंटी आत्यानं पिळली."

आणि मग ती हसली. इतकी हसली की चुडामणभाऊ आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहू लागले. डोळे पुसत उठली, भिंतीवरची पिशवी काढली आणि त्यांना विचारलं, बुऱ्हाणपूरची मोटार किती वाजता जाते.

आम्ही घरी पोचलो. पंचा तिनं धुवून वाळत घातला आहे.

तेव्हा तिनं सांगितलं म्हणून लिहितो. खुंटी आत्यानं पिळली. एक बारीक तार पाठव.

ती म्हणते, दोन पाठव.

विनू